‘पेती’ म्हणजे भोळा का?

प्रश्न असा आहे: बायबलच्या जुन्या करारात, नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात, ज्ञान एका स्त्रीच्या रूपात चव्हाट्यावर उभं राहून हाका मारतं. लोक ऐकत नाहीत. शेवटी, ३२व्या ओवीत, भोळ्यांचा घात होईल आणि मूर्खांचा नाश होईल असं येतं. मूर्खांचं समजू शकतं, पण भोळ्यांनी काय पाप केलं? आपल्याकडे तर भोळेपणा हा गुण आहे. मराठी शब्द चुकला आहे का?

चुकला आहे असं मी म्हणणार नाही, पण तो अपुरा पडतो. ‘भोळा’ म्हटलं की आपल्याला भोळा शंकर आठवतो, भोळाभाबडा वारकरी आठवतो. देव भावाचा भुकेला, असं मानणाऱ्या भाषेत भोळ्याला शिक्षा झाली की मन दुखावणारच.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘पेती’. त्याचं धातुरूप पे-ताव-हे या तीन अक्षरांचं, आणि त्याच्या अर्थात मोकळं, उघडं असणं आहे. दार किंवा प्रवेश या अर्थाचा ‘पेतख’ त्याच्यासारखाच ऐकू येतो, पण त्याचं तिसरं अक्षर वेगळं आहे. दोन्ही शब्द एकच समजू नयेत. तरी पेती माणसाचं मन सताड उघडं असतं, ही कल्पना धरून चालायला हरकत नाही. कुणीही यावं, टपली मारून जावं.

याच धातूचं क्रियापद म्हणजे भुलवणं, फूस लावणं. शास्ते या बायबलमधल्याच पुस्तकात पलिष्टी सरदार दलीलेला तिच्या प्रियकराचं, बलाढ्य शमशोनाचं, बळाचं गुपित काढून घ्यायला सांगतात, तेव्हा ‘त्याला भुलव’ यासाठी हेच क्रियापद येतं. आणि नीतिसूत्रांच्या त्याच पहिल्या अध्यायात, दहाव्या ओवीत, ‘मुला, पापी लोक तुला फूस लावतील तर मान्य करू नकोस’ असं बाप सांगतो, तिथेही तेच. म्हणजे पेती कोण? ज्याला भुलवता येतं तो. चौदाव्या अध्यायात त्याची व्याख्याच दिल्यासारखी आहे: पेती प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो, चतुर माणूस पाऊल कुठे पडतंय ते बघतो. हे वाचताना मला आपला ‘हलक्या कानाचा’ आठवतो. तो भोळ्यापेक्षा कितीतरी जवळ जातो.

सातव्या अध्यायात तर एक पेती आपल्याला खिडकीतून दिसतो. सांगणारा जाळीतून खाली बघतोय. संध्याकाळ उतरली आहे, अंधार दाटतोय, आणि पोरांच्या घोळक्यातला एक जण ‘तिच्या’, म्हणजे एका परक्या बाईच्या, कोपऱ्याजवळून तिच्या घराच्या वाटेनं निघालाय. त्याचा दुष्ट हेतू कुठे सांगितलेला नाही. तो फक्त चालतोय. पुढे ती त्याला गाठते, गोड बोलते, आणि तो कत्तलीला निघालेल्या बैलासारखा, फासात शिरणाऱ्या पाखरासारखा तिच्या मागे जातो.

आता मूळ ओवीचं व्याकरण बघा, कारण प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. हिब्रूत तिच्या पहिल्या अर्ध्यात ‘मेशुवात पेतायीम ताहर्गेम’ असे शब्द आहेत. त्यातल्या शेवटच्या शब्दात ‘ठार मारील’ हे क्रियापद आहे; बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, काइनानं आपल्या भावाला, हाबेलाला, मारलं तिथे याच धातूचं रूप वापरलं आहे. इतका थेट, रक्ताचा शब्द. पण मारणारं कोण? क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी आहे, आणि त्याचा कर्ता ‘मेशुवा’ आहे. म्हणजे पाठ फिरवणं. देव मारत नाही, ज्ञानही मारत नाही. पेतींनी जी पाठ फिरवली, तीच उलटून त्यांच्या जिवावर येते.

‘मेशुवा’ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ वळणं. दोन्ही दिशांनी वळणं. २३व्या ओवीत ज्ञान विनवतं, ‘माझ्या बोलण्याकडे वळा’, तेव्हा हाच धातू आहे. पश्चात्तापासाठीचा पुढच्या काळातला ज्यू शब्द ‘तेशुवा’ याच धातूचा. म्हणजे हाक आणि मरण एकाच शब्दाच्या दोन बाजू आहेत: इकडे वळा म्हटलं, ते तिकडे वळले. यिर्मया या संदेष्ट्याचा ‘मेशुवा’ हा अगदी आवडता शब्द आहे. आणि ३१व्या ओवीत परिणाम कसा सांगितलाय? ते आपल्या वाटेचं फळ खातील आणि आपल्याच मसलतींनी पोट भरतील. शिक्षा बाहेरून येत नाही, स्वतःच्या हातचं वाढलेलं ताट पुढे येतं.

भोळ्यांना मरण का, हा प्रश्न फक्त मराठी वाचकालाच पडलेला नाही. इसवी सनापूर्वी नीतिसूत्रांचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा त्या अनुवादकानं, ज्ञान पेतींना रागे भरतं त्या २२व्या ओवीत, पेतीला ‘अकाकोस’ म्हटलं. त्यातला ‘अ’ हा आपल्या संस्कृत ‘अ’चाच भाऊबंद, शब्दाचा अर्थ, ज्याच्या मनात वाईट नाही असा. मग अर्थातच अडचण झाली. निष्पापांना रागे कसं भरायचं? त्यानं वाक्यच फिरवलं: निष्पाप लोक जोवर नीतीला धरून राहतील तोवर त्यांना खाली मान घालावी लागणार नाही. आणि ३२व्या ओवीत मारले जातात ते बाळांवर अन्याय करणारे! एका शब्दाच्या निवडीनं शिक्षेचा सगळा रोख दुसऱ्यावर गेला. मराठी अनुवादकांनी असं केलं नाही, मूळ कटू वाक्य तसंच ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

हेही खरं की हिब्रूत पेती कायम दोषीच असतो असं नाही. बायबलच्याच ११६व्या स्तोत्रात ‘परमेश्वर पेतींना सांभाळतो’ असं आहे. तिथे आपला ‘भोळा’ चपखल बसतो. अडचण फक्त नीतिसूत्रांत येते, कारण तिथला पेती अजून घडायचा आहे. पुस्तकाच्या चौथ्याच ओवीत उद्देश सांगितलाय की पेतीला ‘ओर्मा’, म्हणजे चाणाक्षपणा, यावा. उत्पत्तीत सापाला धूर्त म्हटलंय तो ‘आरूम’ याच कुळातला, तरीही इथे तो गुण आहे.

मग मराठीत काय म्हणावं? मी ‘भाबडे’ घेऊन पाहिलं, ते फार गोड होतं. ‘बावळट’ अपमान करतं. ‘भोळसट’ मला बरं वाटतं, कारण त्या ‘सट’मध्ये थोडा ठपका आहे आणि सुधारायला जागाही आहे. ३२व्या ओवीच्या दुसऱ्या अर्ध्यात ‘शल्वा’ आहे. यरुशलेमच्या वाड्यांना स्वस्थता लाभो, असं १२२व्या स्तोत्रात मागितलंय ती हीच. मूर्खांच्या वाट्याला आली की ती ‘निर्धास्तपणा’ होते. एकूण ओवी मी अशी लिहीन: ‘भोळसटांचं पाठ फिरवणंच त्यांचा जीव घेईल, आणि मूर्खांचा निर्धास्तपणाच त्यांना बुडवील.’ यातले दोन ‘च’ मूळ शब्दांत नाहीत, पण कर्ता कोण हे मराठीत ठळक व्हायला ते मला हवेत.

नववा अध्यायही जरूर वाचा. तिथे ज्ञान सात खांबांचं घर बांधून जेवायला बोलावतं, आणि पलीकडे मूर्खपणाही बाईच्या रूपात दारात बसून बोलावतो. दोघींची हाक हिब्रूत शब्दशः एकच आहे: ‘कोण पेती आहे? त्यानं इकडे वळावं.’