एक सहकारी सतत मध्ये बोलतो, दुसरी बोलतच नाही. दोघांशी जुळवून कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नव्या टीममधला एक जण तुमचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि दुसरी मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. पहिला उद्धट वाटतो, दुसरी शिष्ट. मी पुण्यात सॉफ्टवेअर टीम सांभाळते, त्यामुळे दोन्ही प्रकार रोज बघते. स्वभावावर शिक्का मारण्याआधी एवढंच बघा, की तो माणूस बोलण्यापूर्वी किती थांबतो.

डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या जेवणाच्या गप्पा टेप केल्या होत्या. त्यांना धरून सहा जण होते: तिघं न्यूयॉर्कचे, दोघं लॉस एंजेलिसचे, एक इंग्लंडची. न्यूयॉर्कचे एकमेकांच्या बोलण्यात बोलत, प्रश्नावर प्रश्न टाकत, आणि गप्पा रंगल्या म्हणून खूश. बाकीच्यांना बोलायला फटच सापडेना. टॅननबाईंनी टिपलेली गोष्ट मला फार कामाची वाटते: भरभर बोलणारी माणसं कुणी मध्ये बोललं तरी थांबत नाहीत, आपलं पुढे चालू ठेवतात, म्हणून त्यांच्यात कुणाचं बोलणं तुटत नाही. ऐकणारा उत्साहाने साथ देतोय, एवढाच त्याचा अर्थ. समोरचा थांबला, की मात्र ते तोडणं होतं.

म्हणून तुमच्या पहिल्या सहकाऱ्यासमोर थांबू नका. आवाज न चढवता वाक्य पुरं करा. बहुतेक वेळा त्याला राग येत नाही, उलट तुम्हाला विषयात रस आहे असं वाटतं.

दुसरीचं जरा नाजूक आहे. प्रश्न संपल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो, हे तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 10 भाषांत मोजलं. तो अभ्यास 2009 मध्ये आला. मराठी त्यात नव्हती. सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. जपानी सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत सावकाश, आणि त्या दोघांतला फरकही अर्ध्या सेकंदाहून कमी. एवढ्याशा फरकात बोलायची संधी हातची जाते! व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, तिथे तर बोलण्याआधी जरा जास्त थांबणाऱ्या माणसांचे आणखीच हाल होतात.

तिला प्रश्न विचारलात की मनात चार-पाच आकडे मोजा आणि ती शांतता भरून काढू नका. सुरुवातीला अवघड जातं. त्याहून बरं म्हणजे मीटिंगचा विषय आदल्या दिवशी पाठवा, आणि "यातलं अमुक तू सांगशील का?" असं आधीच विचारून ठेवा. सगळ्यांसमोर अचानक "तुझं काय मत?" नको, त्याने अशी माणसं आणखी मिटतात. आमच्याकडे सगळ्यात नेमकी शंका बऱ्याचदा मीटिंगनंतरच्या मेसेजमध्ये येते. मी ती पुढच्या मीटिंगमध्ये पाठवणाऱ्याच्या नावानिशी मांडते.

एक मात्र नीट तपासा. मध्ये बोलणारा तुमचाच मुद्दा पुढे नेतो, की दरवेळी विषय स्वतःकडे वळवतो? साहेब बोलताना तो गप्प बसतो आणि फक्त ज्युनिअरना किंवा बायकांनाच तोडतो का? तसं असेल तर ती बोलायची पद्धत नाही, कुणापुढे थांबायचं ते त्याला चांगलं कळतं. तिथे जुळवून घेऊ नका. बाजूला घेऊन, नेमका प्रसंग सांगून, स्पष्ट बोला.