इनपुट कपॅसिटर काढण्याआधी मीटर हातात घ्या

आवाज सुधारेल म्हणून काही जण ऑडिओ अँपच्या (अँप्लिफायरच्या) इनपुटवरचा कपॅसिटर काढतात. पण हा कपॅसिटर डीसी (एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज) अडवतो. तो काढला की सोर्सचा (प्लेअर, प्रीअँप अशा सिग्नल देणाऱ्या उपकरणाचा) डीसी थेट अँपमध्ये शिरतो. फीडबॅकच्या (आउटपुटचा भाग परत आत नेणाऱ्या जोडणीच्या) ग्राउंडकडच्या फाट्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर डीसी गेन, म्हणजे डीसी किती पट वाढतो ते, १ राहतो, नुकसान कमी. तो नसेल आणि गेन २७ असेल, तर १० मिलिव्होल्टचे २७० होतात आणि वूफरचा कोन जागेवरून सरकून राहतो. नवखे नेमके इथेच फसतात.

- सोर्सच्या आउटपुटवर डीसी मोजा, चालू करतानाही. २-३ मिलिव्होल्टच्या वर असेल तर विषय सोडा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप असेल तर मोजूही नका, कपॅसिटर राहू द्या.
- सिंगल सप्लायच्या (अधिक-उणे अशा दोन नव्हे, एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या) अँपला हात लावू नका; तिथे इनपुट सप्लायच्या अर्ध्या व्होल्टेजवर असतो.
- प्लग काढा, पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर रिकामे झाल्याचं मीटरने बघा.
- आधी एकच चॅनल. कपॅसिटरच्या जागी तार जोडा, अँप चालू करून स्पीकर न लावता आउटपुटवरचा डीसी मोजा. व्हॉल्यूम फिरवून पुन्हा मोजा. ५० मिलिव्होल्ट ओलांडले तर कपॅसिटर परत बसवा.

खरं तर इनपुटच्या इलेक्ट्रोलिटिकच्या जागी २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावलात तरी पुरे. ४७ किलोओहम इनपुटला कटऑफ (ज्याखालचा आवाज कमी होत जातो ती फ्रिक्वेन्सी) दीड हर्ट्झ येतो, बास जात नाही.