तिला समजावणार नाही

प्रश्न : मुलगी एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय. एमडी मेडिसिन करून पुढे रक्तविकारतज्ज्ञ व्हायचं म्हणते. मी म्हणतो, स्किन घे. कॅन्सर आणि रक्ताच्या डॉक्टरांना जन्मभर अभ्यास, दर पाच वर्षांनी पॉइंट भरले नाहीत तर रजिस्ट्रेशन जातं म्हणे. तिच्या लग्नाचंही बघायचंय. ती मात्र वॉर्डातल्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, एका मुलाबद्दलच बोलत राहते. तिला समजावाल का?
– एक वडील, लातूर

उत्तर : नाही, तिला समजावणार नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुमची काळजी ओळीओळीत आहे, तिचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात, तेही तक्रारीच्या सुरात. नीटसाठी तिच्यासोबत तुम्हीही रात्री जागला असाल. म्हणून तिची शाखा तुमची होत नाही. आणि लग्न कधी करायचं हे मला विचारू नका, तिला विचारा.

आता पॉइंटचं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते सगळ्याच डॉक्टरांना लागतात, स्किनवाल्यांनाही. त्यासाठी परीक्षा नसते. मान्यताप्राप्त परिषदा, कार्यशाळांना हजर राहून ते मिळतात. या भीतीपोटी शाखा बदलायला लावणं सरळ चूक आहे.

खरा अभ्यास त्या तीस पॉइंटांपलीकडचा, आणि तो या शाखेत जास्त आहे हे तुमचं खरं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाला पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं, नाहीतर अस्थिमज्जा प्रत्यारोपण. २००१ मध्ये इमॅटिनिब या औषधाला मंजुरी मिळाली आणि रोज गोळी घेऊन माणसं कामावर जाऊ लागली. २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, बदलून परत त्याच्या अंगात सोडतात. पदवी घेताना जे पुस्तकात नव्हतं, तेच उद्या रुग्णाला द्यायचं असतं. ज्याला हे ओझं वाटतं त्यानं इकडे येऊ नये. तुमच्या मुलीला ते ओझं वाटतंय, असं पत्रात कुठेच दिसलं नाही.

वाट तिला ठाऊक आहे: नीट-पीजी, तीन वर्षं एमडी, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं डीएम ही पदवी. या सहा वर्षांत पगाराएवढा स्टायपेंड मिळत नसेल तेव्हा घरून किती आधार देता येईल, एवढं तिच्याशी मोकळेपणानं बोला.

त्याआधी आज रात्री तिला फोन करा. शाखेचा विषय काढू नका. तो वॉर्डातला मुलगा आता कसा आहे, ते विचारा.