तारा खाली आल्या आणि गिटारचा आवाज बसला

प्रश्न : माझी गिटार स्टीलच्या तारांची, ड्रेडनॉट (मोठ्या खोक्याच्या) आकाराची आहे. बोटं दुखायची म्हणून जुलैत सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकायची पट्टी) घासून तारा खाली करून घेतल्या. आता मार्चमध्ये बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार जेमतेम १.६ मिमी उंच आहे. भजनात साथीला बसलो की गिटार ऐकूच येत नाही. पहिली, सगळ्यात बारीक तार तर फारच मंद. सॅडल उंच केलं तर आवाज वाढेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वाढेल, पण नुसत्या उंचीने नाही. तार खाली असली की जोरात छेडताच फ्रेटवर आपटते, तिचा जोर तिथेच जिरतो. खरखर नको म्हणून हातही हलका पडतो. आवाज बसतो तो मुख्यतः यामुळे. उंच सॅडलमुळे तार वरच्या फळीला जास्त हलवते हेही खरं, पण तो फरक लहान असतो.

तुमचं काम पावसाळ्यात झालं, हे महत्त्वाचं. दमट हवेत फळी फुगते, ब्रिज (फळीवरचा, सॅडल बसवलेला लाकडी तुकडा) वर येतो आणि तारा उंच वाटतात. कोरड्या हवेत तीच फळी बसते, तारा आणखी खाली येतात. म्हणून आधी नेक (गिटारची मान) तपासा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे खोक्याला मिळते त्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी ठीक. फटच नसेल तर ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक जुळवायची सळई) एका वेळी पाव फेराच सैल करा. मात्र तारांची उंची ट्रस रॉडने जुळवायची नाही. ते काम सॅडलचं.

सहावी तार २.४ आणि पहिली १.८ मिमीवर आणा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे ०.८ मिमी वाढ हवी असेल तर सॅडल आत्तापेक्षा १.६ मिमी उंच लागतं. एवढ्यासाठी खाली कागदाच्या घड्या घालू नका, त्या कंपनं खातात. हाडाचं नवं सॅडल बसवा.

पहिल्या तारेचं दुखणं मला वेगळं वाटतं. हाताने घासताना सॅडलचा तळ टोकांना गोल होतो. मग मधला भाग ब्रिजच्या खाचेत टेकतो आणि टोकं अधांतरी राहतात. सॅडल काढून काचेवर उभं धरा, मागून टॉर्च मारा; उजेड दिसला की तळ वाकडा. नव्या सॅडलच्या तळावर पेन्सिलने रेघा मारा, काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत सॅडल सरळ उभं धरून घासा. खाचेत ते बोटाने दाबून बसावं, पुढे झुकता कामा नये.

सॅडलच्या माथ्याकडेही बघा. तंबोऱ्याच्या घोडीवर (तिथल्या ब्रिजवर) तार रुंद माथ्याला लागत-सुटत राहते, म्हणून जवारी (झणझणता नाद) येते. गिटारची तार मात्र एकाच रेषेवर टेकायला हवी. माथा सपाट राहिला तर सतारीसारखी झणझण होते.

प्रश्न : तार ताणली की ब्रिजची पिन (तार अडकवायची खुंटी) वर येते. पिन ठोकून बसवू का?

उत्तर : ठोकू नका, ब्रिजला चीर जाईल. तारेच्या टोकाचा मणी पिनेच्या टोकाखाली अडकलाय. मण्याजवळ तार किंचित वाकवून आत घाला, पिन हलकी दाबून धरा आणि तार वर ओढा. मणी फळीच्या आतल्या पट्टीला टेकला की पिन जागची हलत नाही.