कपडे कमी करायचेत? आधी दोरी मोजा, कपाट नंतर

तुम्ही विचारलंय की चौघांच्या घरातले कपडे निम्म्यावर कसे आणायचे, मिनिमलिस्ट वॉर्डरोब, म्हणजे मोजक्याच कपड्यांचं कपाट, आपल्याकडे खरंच जमतो का, आणि नवरा व सासूबाई तयार नसतील तर सुरुवात कुठून करायची.

आमच्याकडे जमलं, पण ते हौसेने सुरू झालं नव्हतं. डोंबिवलीची आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि २०२२च्या एप्रिलमध्ये आम्ही पाच जण दोन बेडरूमच्या घरातून एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात आलो. मी, नवरा, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. कपाटं तीन होती, नव्या घरात जागा एकाचीच. दिवाणातली आणि माळ्यावरची गाठोडी वेगळी. ती सगळी तात्पुरती बदलापूरला नणंदेकडे नेऊन ठेवली.

तेव्हा मी ‘प्रोजेक्ट ३३३’ नावाची कपडे कमी करायची पद्धत वाचली होती. २०१०च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेली, तीन महिने फक्त ३३ वस्तू वापरायच्या, त्यात चपला आणि दागिनेसुद्धा धरायचे. मी माझ्यापुरती यादी केली आणि रोजच्यासाठी चार कुर्ते ठेवले. मे महिना मजेत गेला. जुलैतल्या एका गुरुवारी पहाटे पाहिलं तर चारही कुर्ते कप्पीच्या दांडीवर ओले. त्यातल्या त्यात कमी ओला काढून इस्त्री फिरवली, वाफ निघाली, वास राहिला, आणि तसाच अंगावर घालून लोकल पकडली. दिवसभर ऑफिसच्या एसीत पाठीला गार लागत होतं. त्या दिवशी कळलं की माझी यादी चुकली नव्हती, यादीचा देश चुकला होता. जिथे कपडे ड्रायरमधून तासाभरात कोरडे निघतात तिथला आकडा आपल्या पावसाळ्याला पुरत नाही. आणि तिथल्या याद्यांमध्ये कोट आणि थंडीचे बूट असतात, आम्हाला माणशी एक स्वेटर पुरतो, तोही नाशिकला लग्न असलं तरच.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की आकडा कपाटावरून काढू नका, दोरीवरून काढा. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये सुती कुर्ता वाळायला दोन दिवस लागतात, जीन्सला तीन. मग रोजचा एक जोड अंगावर, एक धुण्यात, दोन दांडीवर, एक इस्त्रीवाल्याकडे आणि एक कपाटात. झाले सहा. माणशी सहा जोड रोजचे, बाहेरचे तीन-चार, सणावाराचे दोन-तीन. मुलांचा गणवेश दोनऐवजी तीन जोड घ्या, इथे काटकसर करू नका. तुम्ही अकोल्याला किंवा नागपूरला असाल, दारात ऊन असेल, तर रोजचे चार जोडही भरपूर होतील.

दोरीवरची सगळ्यात जास्त जागा कपडे नाही, टॉवेल खातात, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आमच्याकडे अकरा जाड टॉवेल होते आणि पावसाळ्यात ते कधीच पूर्ण वाळायचे नाहीत. आता पाच जणांत दहा पंचे आहेत. पंचा अंग चांगलं टिपतो, पंख्याखाली दुपारभरात वाळतो आणि घडी करून वीतभर जागेत दहाच्या दहा मावतात. पाहुण्यांसाठी दोन टॉवेल ठेवलेत, बस.

काय ठेवायचं ते ठरवण्याआधी आम्ही एक महिना काहीच काढलं नाही. रोज दांडीवर काय पडलं ते मुलाने वहीत लिहिलं. ‘आईचा निळा, बाबांचा चौकडा, ताईची काळी पँट’ असं त्याच्या मोठ्या अक्षरात. बदलापूरची गाठोडी धरून माझे कपडे १४३ भरले होते, महिनाभरात दांडीवर आले २७. नवऱ्याचे ४१ शर्ट, आले नऊ. वहीशी कोणी वाद घालू शकत नाही. मी तोंडाने कितीही सांगितलं असतं तरी नवऱ्याने ऐकलं नसतं, वही वाचून तो स्वतः कपाटापाशी गेला.

पण त्याआधी माझ्याकडून एक चूक झाली होती, ती सांगते, कारण तुमच्या प्रश्नातून वाटतं की तुम्हीही तिच्या जवळ आलेल्या आहात. घर बदलायच्या घाईत मी त्याचा एक विटका, गळ्याशी भोकं पडलेला टी-शर्ट त्याला न विचारता बोहारणीच्या गाठोड्यात टाकला आणि स्टीलचा डबा घेतला. तो त्याच्या कॉलेजच्या ट्रेकच्या ग्रुपचा होता. त्या ग्रुपमधला एक मित्र आता नाही. नवरा ओरडला नाही. दोन दिवस फक्त गप्प होता. तो डबा मी वापरू शकत नाही. तेव्हापासून घरात नियम आहे की ज्याचं कपाट त्याचाच हात. आधी स्वतःचं कपाट रिकामं करा, महिनाभर तसं राहून दाखवा, मग दुसऱ्याशी बोला.

सासूबाईंच्या ९४ साड्या होत्या. मी त्यांना ‘कमी करा’ असं एकदाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, “आई, रोज चहानंतर चार साड्या काढून बघूया का? घड्या मोडायला झाल्यात.” घड्या खरंच मोडायला झाल्या होत्या. जरीची साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली तर घडीवरच जर तुटते. तर रोज चार साड्या पलंगावर पसरायच्या, कोणी दिली, केव्हा नेसली ते त्या सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. चोवीस दिवस लागले. एक हिरवी इरकल निघाली, लाल काठाची, पदरावर देवळाच्या शिखरांसारखी लाल-पांढरी नक्षी. सासऱ्यांच्या पहिल्या बोनसची. काठाजवळ बोटभर रफू होता, लोकलच्या दारात खिळ्याला अडकून फाटली होती आणि त्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतः शिवली होती. ती अर्थातच राहिली. पण तिच्या खालची आठ-दहा वर्षं न उघडलेली साडी हातात घेऊन त्या आपणहूनच म्हणाल्या, “ही कुणाची ते आठवत पण नाही गं. देऊन टाक.” बोलायला कोणी बसलं, की साडी सुटते. माझ्यासमोर असं खूपदा झालं.

शेवटी ३८ राहिल्या. २२ बहिणीच्या सुनांना आणि भाच्यांना त्यांनी स्वतः हाताने दिल्या. १८ मऊ सुती साड्या माण तालुक्यातल्या गावी पाठवल्या, तिथे त्यांच्या ओळखीच्या एक मावशी गोधड्या शिवतात. टाका कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात आत-आत जातो. सहा साड्यांची एक याप्रमाणे तीन गोधड्या आल्या. सिंथेटिक साडी मात्र गोधडीत घालू नका. ती आत घसरते, टाका धरत नाही आणि पांघरल्यावर घाम येतो. उरलेल्या सोळा धुऊन संस्थेला दिल्या.

रेशमी साड्या हँगरवर टांगू नका, वजनाने ताणल्या जातात. जुन्या सुती कापडात गुंडाळून आडव्या ठेवा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, वेखंडाची पुरचुंडी पुरते. आणि साड्यांपेक्षा ब्लाउज कमी करा! प्रत्येक साडीला वेगळं ब्लाउज शिवायची सवय लागली की कप्पा त्यानेच भरतो. माझ्याकडे काळं, सोनेरी, मरून, बाटली-हिरवं आणि मोतिया अशी पाच चांगल्या शिलाईची आहेत, आतून कापड सोडून शिवलेली, म्हणजे अंग भरलं तर उसवून मोठी करता येतात. चौदा साड्या त्या पाचांवर निघतात.

मुलांचं थोडक्यात. धाकट्याला भावंडांचे उतरलेले कपडे आवडीने चालतात. मुलीला चालत नाहीत, आणि तेरा वर्षांच्या मुलीवर मी ती सक्ती करणार नाही. तिला सांगितलं, बारा जोड, रंग-फॅशन सगळं तुझ्या मनाचं, तेरावा आला की एक तू निवडून बाहेर काढायचा. ती माझ्यापेक्षा काटेकोर निघाली.

बाहेर काढलेलं कुठे द्यायचं, याचा विचार आधी करा. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते, कोणाच्या कामाचे नव्हते. आपला कचरा दान म्हणून पाठवायचा नाही. ‘गूंज’सारखी संस्था कपडे निवडून, नीट करून गावोगावी पोचवते आणि सुती कापडातून पाळीचे पॅडही तयार करते. द्याल ते धुतलेलं, बटणं असलेलं द्या. जुने लोकरी कपडे पानिपतच्या कारखान्यांत पिंजून, पुन्हा सूत कातून त्यांची ब्लँकेटं होतात, त्यामुळे फाटका स्वेटरही वेगळा काढून ठेवा. खरोखर चिंध्या झालेलं सुती कापड मात्र घरातच फडक्यांना वापरा.

एवढं करूनही कपाट पुन्हा भरतं, ते आहेरामुळे. शर्टपीस-पँटपीस, ओटीतले ब्लाउजपीस, मानपानाच्या साड्या. यात मी थोडी कडक झाले आहे. आलेला ब्लाउजपीस तसाच पुढे फिरवत नाही, कारण समोरच्याच्या कपाटातही तीच अडचण आहे. हळदीकुंकवाला वाणात शेंगदाण्याचा पुडा किंवा गूळ देते. लग्नघरी आधीच फोन करून सांगतो की साडी-शर्टपीस नको, पानसुपारी आणि नारळ द्या. दोन घरी वाईट वाटलं. तिसऱ्या घरी नवरीच्या आईने फोनवरच “बरं झालं बाई सांगितलंत” म्हणून मोठा श्वास सोडला.

तुमच्या घराला बाल्कनी आहे का, कपडे रोज धुतात की दिवसाआड, आणि सासूबाई पाचवारी नेसतात की नऊवारी, हे खाली कळवा. त्यावरून तुमच्या घरापुरता आकडा मांडून देते.