वाचक विचारतात : जाखडीचं रेकॉर्डिंग

प्रश्न : गुहागरकडच्या वाड्यांतली जाखडीची (कोकणातल्या लोकनृत्याची) गाणी फोनवर टिपतो, पण ढोलकी घुमली की आवाज फाटतो. मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत ती नीट कशी पोचवू?

उत्तर : फोन कर्ण्यासमोर नको. शाहिराच्या बाजूला, ८-१० फुटांवर स्टँडवर लावा. लेव्हल (आवाज टिपण्याची पातळी) हाताने कमी करता येईल असं अ‍ॅप घ्या आणि काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा फाटलेला आवाज मागाहून सांधत नाही. फाइल वेव्हमध्येच (आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात) ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. बँडकॅम्पला (गाणी ऐकवायच्या-विकायच्या वेबसाइटला) एमपी-थ्री चालत नाही, वेव्ह किंवा फ्लॅकसारखी दर्जा न घटवणारी फाइल लागते. शाहीर, ढोलकीवाला, वाडी, साल लिहाच. नाहीतर शोधणारा शोधणार काय? चाल सिनेमातली असेल (जाखडीत बरेचदा असते!) तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. स्वतंत्र चालीची गाणी आधी चढवा, तीही शाहिराला विचारून.