तो माझ्याशी खेळतच नाही, मी काय करू?

"मॅडम, बाकीची मुलं पहिल्या दिवसापासून गळ्यात पडतात. तो एकटा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. माझं काही चुकतंय का?"

नाशिकची ही मुलगी पदवीची शेवटची परीक्षा देऊन दीड महिन्यासाठी नेपाळला गेली होती. काठमांडूजवळच्या ललितपूरमधल्या एका बालगृहात ती स्वयंसेवक होती. लेक रोज रात्री रडते म्हणून आईने मला फोन केला आणि मग आमचं व्हिडिओ कॉलवर बोलणं सुरू झालं. (तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुट्टीत परदेशातल्या अनाथालयात जाऊन आलेली बरीच तरुण मुलंमुली हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातून नेपाळला जायला आपल्याला व्हिसाही लागत नाही, त्यामुळे ठरवलं की निघता येतं.

मी तिला आधी गळ्यात पडणाऱ्या मुलांबद्दल विचारलं. ती खुलली. चार वर्षांची एक चिमुरडी फाटक उघडताच धावत आली, "दिदी, दिदी" करत मांडीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. "इतकं प्रेम मला कुणी दिलं नव्हतं," ती म्हणाली.

तिचा आनंद खरा होता, तरी मला बोलणं भाग होतं. ज्या मुलाला भरवशाचं माणूस आहे ते मूल अनोळखी व्यक्तीला बघून आधी बिचकतं, आईच्या मागे दडतं, अंदाज घेतं. भेटल्या क्षणी कुणाच्याही कुशीत शिरणारं मूल बहुतेक वेळा एवढंच शिकलेलं असतं की माणसं येतात आणि जातात, तेव्हा असतील तोवर माया मिळवून घ्यावी. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बार्बरा टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात लंडनच्या बालगृहांतल्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की साडेचार वर्षांच्या वयापर्यंत एकेका मुलाला सांभाळणारे सरासरी पन्नासेक जण बदलले होते. खाणंपिणं आणि खेळणी यांची तिथे वाण नव्हती, तरी त्यांतली अनेक मुलं अनोळखी माणसांशी नको तितकी सलगी करत.

म्हणजे जो तिच्याकडे बघत नव्हता, त्या नऊ वर्षांच्या मुलाचं वागणं मला जास्त निरोगी वाटलं. त्याने अशा किती ताया-दादांना निरोप दिला असेल कोण जाणे! तो स्वतःला जपत होता. तिचं काहीच चुकत नव्हतं.

"मग मी त्याच्याशी खेळायचंच नाही का?"

खेळायचं, पण त्याच्या पद्धतीने. तिने भारतातून फुगे, रंग, चित्रांचे कागद आणि रोजच्या खेळांची यादी नेली होती. मी ती बाजूला ठेवायला सांगितली. रोज ठरलेल्या वेळी अंगणातल्या त्याच पायरीवर बस. हाक मारू नकोस, खाऊ दाखवू नकोस, मोबाइल खोलीत ठेव. तिचा चेहरा पडला. नुसतं बसून काय होणार, असं तिला वाटणं साहजिक होतं.

तो मुलगा एकटाच चुंगी खेळायचा. रबरबँडांचा झुबका पायाच्या आतल्या बाजूने उडवत राहायचं, जमिनीवर पडू द्यायचा नाही. ती पायरीवर बसून, आदल्या दिवशी स्वयंपाकघरात शिकलेले नेपाळी आकडे हळू आवाजात मोजू लागली. एकदा सतराच्या पुढे ती अडखळली. तो मान न वळवता म्हणाला, "अठार." दुसऱ्या दिवशी तो तिला दिसेल अशा जागी येऊन खेळला. पुढच्या आठवड्यात त्याने कोळशाने पायरीवर बाघचालचा पट आखला. आपल्या वाघ-बकरीसारखाच हा खेळ, चार वाघ आणि वीस बकऱ्यांचा. वाघांनी बकऱ्या उडी मारून खायच्या आणि बकऱ्यांनी वाघांची कोंडी करायची. त्याने वाघ स्वतःकडे ठेवले आणि तिच्या चुका दाखवत तिला शिकवायला लागला.

"मी मुद्दाम हरू का?" तिने विचारलं. त्याची गरजच नव्हती, ती तशीही हरतच होती. पण प्रश्न चांगला होता. संस्थेतलं मूल कायम घेणाऱ्याच्या जागी असतं. जेवण, कपडे, वाढदिवसाचा केक, सगळं दुसऱ्याने दिलेलं. कुणाला तरी काही शिकवायची संधी त्याला क्वचित मिळते. म्हणून खोटं हरू नये. शिकणारा खराच शिकतोय, हे मुलाला बरोबर कळतं.

इथवर आल्यावर बहुतेक स्वयंसेवकांना वाटतं की जमलं. तिलाही वाटलं. त्याला एकट्याला काठमांडूतल्या ठमेल भागात मोमो खायला न्यायचं, स्वतःचा नंबर द्यायचा, असे बेत सुरू झाले. मी ठाम नाही म्हटलं. दीड महिन्यात निघून जाणाऱ्या माणसाने मुलाचं सगळ्यात जवळचं माणूस होऊ नये. जे तिथेच राहणार आहेत त्यांच्याशी त्याचं नातं घट्ट व्हावं, यासाठी तो खेळ वापरायचा. त्या घरात पंचवीसेक मुलांना सांभाळणारी एक बाई होती, मुलं तिला आमा म्हणत. तिला बाघचाल लहानपणापासून येत होता, फक्त रांधण्या-धुण्यातून बसायला वेळ नव्हता. मग असं ठरलं, की संध्याकाळी भाजी चिरायला आणि भांड्यांना आपली नाशिकची मुलगी बसेल आणि आमा अर्धा तास पटावर.

हे तिला जड गेलं. "मी इतक्या लांब भांडी घासायला आले का?" असं ती रागाने म्हणाली आणि तो राग मला समजत होता. तरी तिने केलं. आमाने पहिल्याच डावात त्याचे चारही वाघ कोंडले. मग बाकीची मुलं भोवती जमली आणि तो लहानांना बकऱ्या कशा मांडायच्या ते सांगू लागला.

जायची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांसमोर लिहिली. "परत येईन" असं वचन द्यायचं नाही, चोरून निघायचं नाही, हे आम्ही आधीच बोललो होतो. मुलांसमोर डोळे भरून आले तर येऊ देत, पण त्यांना आपलं सांत्वन करायला लावू नये. ते काम आईचं, मैत्रिणींचं, नाहीतर माझं.

शेवटच्या आठवड्यात आमाकडून तिला कळलं, की त्या मुलाची आई हयात आहे, हुम्ला जिल्ह्यात. तिला धक्का बसला. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. १९९६ ते २००६ च्या यादवी युद्धात हुम्लासारख्या दुर्गम भागांतल्या पालकांनी शिक्षणाच्या आशेने दलालांना पैसे देऊन मुलं काठमांडूला पाठवली, आणि ती वाट पुढेही चालू राहिली. बालगृहं जास्त करून जिथे पर्यटक येतात तिथेच आहेत: काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन. आपण मायेने जातो, देणगी देतो, आणि त्या मायेपायीच काही ठिकाणी मुलं घरापासून दूर ठेवली जातात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेमुळे होणारी हानी रोखा, असं देशांना सांगितलं ते याचसाठी.

त्यामुळे आता कुणी जाण्याआधी विचारायला आलं, तर मी थोड्या दिवसांसाठी मुलांच्या थेट सहवासात जाऊ नका असंच सांगते. आधीच शब्द दिला असेल तर संस्थेला विचारा: मुलांचे नातेवाईक शोधता का, त्यांना घरी परत पाठवता का, माझी पोलीस पडताळणी मागणार का? उत्तरं टाळली गेली तर जाऊ नका. सांभाळणाऱ्या बायकांना तुमच्याकडचं काही कौशल्य शिकवता येत असेल तर ते शिकवा. आणि मुलांसाठीच वेळ द्यायचा असेल, तर महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेतून मुलाला संस्थेत न ठेवता घरातच सांभाळणाऱ्या कुटुंबांना दरमहा अनुदान मिळतं. अर्ज आणि कागदपत्रांत अडकलेली अशी घरं तुमच्या वस्तीतही असतील. त्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत घेऊन जा.